स्वल्पविरामाचा हिशेब : विकीवरील ‘फरक’ आणि त्याचा इतिहास

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना पाचारण केले आणि अध्यक्षीय भाषणाचा मजकूर पाहिल्यावर त्यातील काही भाग गाळावा असा आग्रह धरला, ही हकीकत आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. वेदांचा उल्लेख, धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरील प्रहार आणि आपण हिंदू समाजातून बाहेर पडणार असल्याचे सूचन, एवढे वगळले तर परिषद निर्वेध पार पडेल, असे मंडळाच्या चालकांचे म्हणणे होते. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळविले की, भाषणातील एक स्वल्पविरामही बदलला जाणार नाही. परिषद झाली नाही. भाषण मात्र त्याच वर्षी मे महिन्यात ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने पुस्तकरूपाने बाहेर पडले आणि १५०० प्रतींची ती पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

या ग्रंथाच्या आशयावर आजवर विपुल लेखन झाले आहे. त्याच्या मांडणीतील एका गोष्टीकडे मात्र आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार बाबासाहेबांनी ग्रंथाच्या आरंभीच छापला. कोणता भाग काढावा अशी मागणी झाली, ती कोणी केली, कोणत्या तारखेस केली आणि तिला काय उत्तर गेले, हे सर्व वाचकासमोर ठेवूनच मूळ भाषण सुरू होते. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आणि तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर समाविष्ट झाले, पण ते परिशिष्टे म्हणून, भाषणाच्या ओळींत मिसळून नव्हे. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर त्यांनी सांगून टाकले की, आपला आधीचा जातिविषयक निबंध यात सामावून घेऊन ग्रंथाची नव्याने मांडणी करण्याचा मानस होता, परंतु सवड न मिळाल्याने ही आवृत्ती म्हणजे दुसरीचे निव्वळ पुनर्मुद्रण आहे. तात्पर्य, काय बदलले, काय बदलले नाही आणि काय बदलावे म्हणून दडपण आले होते, हे तिन्ही वेळा वाचकाला ग्रंथातच सापडते. त्यासाठी कोणाच्या सांगोवांगीवर विसंबावे लागत नाही.

मजकुरात झालेला बदल वाचकाच्या दृष्टीस कसा पडावा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आज हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि अहोरात्र जेथे उभा राहतो ते ठिकाण म्हणजे विकी. जी पाने कोणीही वाचक संपादित करू शकतो अशा पानांच्या संगणकीय प्रणालीला विकी म्हणतात. विकिपीडिया हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ज्ञानकोश, आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. प्रत्येक संपादनानंतर पानाची नवी आवृत्ती साठते आणि जुनी आवृत्ती जपून ठेवली जाते. पानाचा इतिहास उघडला की आवृत्त्यांची यादी दिसते. ‘फरक’ या शब्दावर टिचकी मारली की दोन आवृत्त्या शेजारी शेजारी येतात व बदललेला भाग रंगवून दाखविला जातो. ही सोय इतकी सहज झाली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु नोंद ठेवणे वेगळे आणि ठेवलेली नोंद माणसाला वाचता येणे वेगळे. पहिली गोष्ट विकीने बरीच लवकर साधली. दुसरीसाठी त्याला पाव शतक खर्ची घालावे लागले आणि ते काम अद्याप पुरे झाले आहे असे आम्हांस वाटत नाही.

दोन पाठ ताडून पाहण्याची शिस्त आपल्या परंपरेला नवी नाही. महापरिनिब्बान सुत्तात भोगनगराच्या आनंद चैत्यात तथागतांनी चार महापदेस सांगितले आहेत. एखादे वचन कोणी स्वतः भगवंतांच्या मुखातून ऐकल्याचे सांगो, एखाद्या संघाचे म्हणून सांगो, अनेक बहुश्रुत थेरांचे म्हणून सांगो, किंवा एकाच थेराचे म्हणून सांगो. ते ऐकताच स्वीकारू नये आणि धिक्कारूही नये. त्यातील पदे व व्यंजने नीट ध्यानात घेऊन ती सुत्ताशी व विनयाशी पडताळावीत, जुळली तर घ्यावीत, न जुळली तर सोडावीत. येथे तुलनेचा घटक पद आणि व्यंजन हा आहे, म्हणजे शब्द आणि अक्षर. ओळ नव्हे, परिच्छेद नव्हे. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण संगणकाची सुरुवात नेमकी उलट टोकाने झाली.

मुद्रणाच्या युगात ही पडताळणी तळटीपांत उतरली. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळात पाली तिपिटक देवनागरीत ४१ खंडांत प्रसिद्ध झाले. त्याच्या पानांच्या तळाशी ब्रह्मी, सिंहली, सयामी आणि लंडनहून निघालेल्या रोमन आवृत्तीतील पाठभेद लहान संकेताक्षरांनी दिलेले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरे केले. त्या ग्रंथाच्या समाजविचाराशी आमचे मतभेद सर्वश्रुत आहेत. पण जेथे संपादकाची स्वतःचीच खात्री नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढण्याची जी प्रथा डॉ. वि. सी. सुखटणकरांनी पाळली, तिच्यातील प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. कोणता भेद दाखविण्याजोगा आहे हे विद्वान संपादक ठरवितो. विकीवर मात्र असा संपादक कोणी नसतो. तेथे ते यंत्र ठरविते, आणि यंत्राला ते कोणी तरी आधी शिकवलेले असते.

ते शिकविले गेले अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. डग्लस मॅक्इलरॉय यांनी युनिक्स या प्रणालीसाठी लिहिलेला ‘डिफ’ नावाचा कार्यक्रम १९७४ मध्ये वापरात आला आणि १९७६ मध्ये जेम्स हंट व मॅक्इलरॉय यांनी त्यामागील पद्धत एका अहवालात मांडली. पद्धत समजण्यास अवघड नाही. दोन मजकूर घ्यावेत. दोहोंत समान असलेल्या आणि दोहोंत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची शक्य तितकी लांब मालिका शोधावी. तिच्यात न बसलेल्या जुन्या ओळी ‘काढल्या’ असे म्हणावे आणि नव्या ओळी ‘घातल्या’ असे म्हणावे. या कार्यक्रमाचे उत्तर वाचणारा नेहमी माणूसच असे असे नाही. जुन्या मजकुरावरून नवा मजकूर तयार करण्याच्या आज्ञा म्हणून ते उत्तर यंत्रालाच पुन्हा भरविता येत असे. संगणकाची साठवण त्या काळी महाग होती, म्हणून उत्तर जितके आखूड तितके चांगले मानले जाई. हे सर्व संगणकाच्या आज्ञावलींसाठी होते. आज्ञावलीत ओळ हा स्वाभाविक घटक आहे. एका ओळीत साधारणतः एक आज्ञा असते आणि ती ओळ बदलली म्हणजे ती आज्ञा बदलली.

विकीचा जन्म याच मंडळींच्या वर्तुळात झाला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली ती आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या आपसांतील चर्चेसाठी. आरंभीच्या विकी-प्रणालींना आपल्या भूतकाळाची फारशी आस्था नव्हती. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा तो ‘यूजमॉडविकी’ या प्रणालीवर चाले आणि तीत जुन्या आवृत्त्या ठराविक मुदतीनंतर पुसून टाकण्याची योजना होती. जागा वाचविणे हा हेतू. परिणाम असा झाला की, जगातील सर्वांत मोठ्या ज्ञानकोशाच्या पहिल्या महिन्यांतील पुष्कळशी संपादने नाहीशी झाली असे पुढे जवळजवळ दहा वर्षे समजले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या तंत्रज्ञांना जुन्या साठवणीत २००१ सालच्या प्रती सापडल्या, तेव्हा हरवलेले बरेच काही परत मिळाले. २००२ मध्ये विकिपीडियाने स्वतःसाठी नवी प्रणाली लिहवून घेतली. तीच पुढे ‘मीडियाविकी’ या नावाने प्रसिद्ध झाली. तीत आवृत्त्या कायम राहू लागल्या. नोंदीचा प्रश्न तेथे सुटला.

वाचण्याचा प्रश्न मात्र तेथूनच सुरू झाला. विकीवरील मजकूर हे गद्य असते. गद्य लिहिणारा परिच्छेद संपेपर्यंत नवी ओळ घेत नाही, म्हणून यंत्राच्या दृष्टीने दीडशे शब्दांचा अख्खा परिच्छेद ही एकच ओळ. त्यात एका शब्दाची वेलांटी सुधारली तरी ओळीमागून ओळ तपासणारे यंत्र सांगणार की जुना परिच्छेद काढला व नवा घातला. उत्तर चुकीचे नव्हे. पण वाचकाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. दीडशे शब्द डावीकडे, दीडशे उजवीकडे, आणि फरक कोठे आहे ते ज्याचे त्याने शोधावे! यावर उपाय म्हणून दुसऱ्या एका विकी-प्रणालीसाठी लिहिलेली तुलनेची पद्धत मीडियाविकीने उचलली. तीत बदललेल्या ओळींच्या जोडीत पुन्हा शब्दाशब्दांची तुलना होई आणि बदललेले शब्द तेवढे लाल अक्षरांत दिसत. ही तुलना यंत्राला जड जाऊ लागली तेव्हा स्टार्लिंग यांनी ‘विकीडिफ२’ नावाचा वेगवान कार्यक्रम लिहिला. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या लिप्यांचीही त्यात सोय झाली : चिनी व जपानी मजकूर अक्षराक्षराने ताडावा आणि थाई मजकुराचे शब्द कोशाच्या मदतीने तोडावेत. पदव्यंजनांच्या पडताळणीकडे यंत्र असे हळूहळू सरकले.

लाल अक्षरांचाही एक दोष होता आणि तो आमच्या लेखाच्या शीर्षकाशी थेट निगडित आहे. शब्द बदलला तर तो लाल झालेला दिसतो. पण स्वल्पविराम बदलला तर? लाल रंगातला एवढासा स्वल्पविराम ओळींच्या गर्दीत डोळ्याला सापडत नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा काढली किंवा घातली तर लाल करायला अक्षरच उरत नाही. शिवाय लाल व हिरवा यांतला भेद ज्यांना नीट दिसत नाही अशी माणसे थोडी नाहीत. २०१२ मध्ये मीडियाविकीने हे रूप बदलले. अक्षरांना रंग देण्याऐवजी त्यांच्या पार्श्वभूमीला रंग दिला. काढलेल्या भागाला पिवळा, घातलेल्या भागाला निळा. आता एकटा स्वल्पविरामही रंगीत चौकटीत उठून दिसतो, रिकामी जागाही दिसते. ज्यांनी हे केले त्यांच्या ध्यानीमनीही १९३६ चे पत्र नसेल. परंतु एका स्वल्पविरामाचा हिशेब वाचकाला मागता यावा अशी व्यवस्था त्यांच्या हातून झाली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

याहून बिकट प्रश्न स्थलांतराचा. वर सांगितलेल्या पद्धतीत ‘त्याच क्रमाने’ ही अट आहे. ती अट असल्यामुळे एखादा परिच्छेद पानाच्या तळातून उचलून वर आणला तर यंत्राला तो समान मालिकेत बसविता येत नाही. मग ते सांगते, खालून एक परिच्छेद काढला आणि वर एक नवा घातला. आता कल्पना करावी की, परिच्छेद हलवता हलवता संपादकाने त्यातले एक वाक्य गाळले. यंत्राच्या लेखी वरचा संपूर्ण परिच्छेद नवा. त्यातले गाळलेले वाक्य वेगळे कोठेच दाखविले जात नाही. इतिहासात सर्व काही आहे आणि तरीही वाचकाला काही दिसत नाही. मजकुरात गुपचूप फेरफार करू पाहणाऱ्याला याहून सोयीची आडोशाची जागा मिळणार नाही. सद्हेतूने केलेली फेरमांडणी आणि दुर्हेतूने केलेली काटछाट येथे एकाच रंगात रंगतात, आणि दोष कोणाला द्यावा हेही समजत नाही.

याचे उत्तर फार आधी सापडले होते ही आश्चर्याची गोष्ट आहे. १९७८ मध्ये पॉल हेकेल यांनी दुसरीच वाट सुचविली. दोन्ही मजकुरांत जी ओळ एकदा आणि एकदाच येते ती, कोठेही असो, तीच ओळ आहे असे धरावे. ती खुंटीसारखी पक्की करावी. मग तिच्या आजूबाजूच्या ओळी जुळतात का ते दोन्ही दिशांना पाहत जावे. या रीतीने हललेला भाग हललेला म्हणूनच ओळखता येतो. पण आज्ञावली लिहिणाऱ्यांना ओळखीची पद्धत पुरेशी होती, आणि विकीने त्यांचेच साधन वारशाने घेतले. पुढे एका विकी-संपादकाने स्वयंस्फूर्तीने लिहिलेल्या ‘विकी-एड-डिफ’ या साधनात हेकेलची पद्धत वापरली गेली. मुख्य प्रणालीत मात्र हललेला परिच्छेद बाणाच्या खुणेने दाखविण्याची आणि त्याच्या आत झालेले बदलही उघड करण्याची सोय २०१८ च्या सुमारास आली. ती विकिमीडियाच्या जर्मन शाखेतील तंत्रज्ञांनी संपादकांच्या मागणीवरून केली. १९७८ ते २०१८! ज्ञान होते, गरजही होती. ज्यांची गरज होती ते मागणी करण्याच्या जागी नव्हते. असे आपल्या समाजाच्या इतिहासात वारंवार घडले आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

परिच्छेदाचे दोन तुकडे करण्याचेही असेच. मध्ये नवी ओळ घातली की अर्धा परिच्छेद नवा ठरे. २०२२ च्या मागणीयादीत संपादकांनी ही तक्रार मांडली आणि त्यानंतर तीत सुधारणा झाली. मजकुराच्या खुणा न दाखविता छापील पानासारखे रूप देऊन त्यावरच बदल दाखविणारी दृश्य तुलनाही २०१७ पासून प्रयोगादाखल आली आहे. चित्र बदलले, दुवा बदलला, ठळक अक्षरे साधी केली, हे सामान्य वाचकाला तीत अधिक लवकर कळते.

येथे पाली ग्रंथांच्या वाचकांना एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. ‘फरक’ दाखविताना मीडियाविकी न बदललेला मजकूर लपविते. बदललेल्या ओळीच्या मागेपुढे थोडासा संदर्भ ठेवून बाकीचा गाळते. सुत्तांतील पेय्यालाची रीत हीच. जे पुन्हा तसेच येते ते ‘पे’ या खुणेने आवरते घ्यावे आणि जे नवे तेवढे म्हणावे. भाणकांना संपूर्ण पाठ मुखोद्गत असे, म्हणून ‘पे’ म्हटले की लपलेले त्यांच्या मनात उलगडे. पण तीच खूण छापील ग्रंथात आल्यावर काय झाले? परंपरेप्रमाणे संयुत्तनिकायातील सुत्तांची संख्या ७७६२ आणि अंगुत्तरनिकायातील ९५५७. आधुनिक मुद्रित आवृत्त्यांतील संख्या याहून फार कमी भरते आणि आवृत्तीगणिक बदलतेही. कारण पेय्यालाच्या पोटात किती सुत्ते दडली आहेत हे प्रत्येक संपादकाने आपल्या परीने मोजले. लपविलेले पुन्हा उघडता येण्याची वाट स्पष्ट ठेवली नाही तर गणतीच चुकते. विकीवरही बदलाच्या मागेपुढचा संदर्भ फार तोकडा असला तर वाक्य कोणाविषयी आहे हेच कळत नाही, आणि ‘नाही’ हा शब्द गळाल्याचे दिसूनही त्याचे गांभीर्य ध्यानात येत नाही.

दोनच आवृत्त्या न पाहता पानाचा सगळा जीवनक्रम एका दृष्टिक्षेपात पाहावा, असाही प्रयत्न झाला आहे. आयबीएममधील फर्नांडा व्हिएगास व मार्टिन वॉटनबर्ग यांनी सहकाऱ्यांसह ‘हिस्टरी फ्लो’ नावाची चित्रपद्धत बनविली आणि २००४ मध्ये तिच्यावरील निबंध प्रसिद्ध केला. काळ डावीकडून उजवीकडे वाहतो, प्रत्येक लेखकाला एक रंग, आणि त्याने लिहिलेले वाक्य जोवर टिकते तोवर त्याच्या रंगाचा पट्टा पुढे जातो. इंग्रजी विकिपीडियावरील चॉकलेटविषयीच्या पानाचे त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. एका परिच्छेदावरून दोन संपादकांत वाद झाला; एकाने घालावा, दुसऱ्याने काढावा. आवृत्त्यांच्या यादीत हा वाद तारखांच्या ओळींत विरून जातो. चित्रात मात्र करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटली. कोण काय पुसू पाहत होता, हे न वाचताही दिसले.

आता मराठीचा प्रश्न. येथे आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत, कारण हा भाग आपल्यावाचून दुसरे कोणी पाहणार नाही. देवनागरीत एकच दिसणारे अक्षर यंत्राच्या साठवणीत दोन तऱ्हांनी लिहिलेले असू शकते. ‘दुसऱ्या’, ‘सुधारणाऱ्या’ या शब्दांतील अर्धा र घ्यावा. तो कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त यांनी लिहितो; कोणी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून लिहितो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. युनिकोडच्या नियमांनुसार मात्र ती दोन भिन्न चिन्हमालिका ठरतात. एका संपादकाच्या कळफलकाची रीत पहिली आणि दुसऱ्याची दुसरी असेल तर ‘फरक’ उघडल्यावर शब्द रंगलेला दिसतो, आणि वाचक चष्मा पुसून पुसून पाहतो तरी दोन्ही बाजूंस तेच. अशा दहा खोट्या फरकांनंतर अकरावा खरा फरक पाहण्याचे त्राण उरत नाही.

उलट बाजूही आहे. ‘बुध्द’ असे चुकीचे जोडाक्षर सुधारून ‘बुद्ध’ करणे हे मराठी विकीवरील पुण्यकर्मच म्हणावे लागेल, इतकी ती चूक रुळलेली आहे. समजा, एखाद्या पानावर कोणी चाळीस ठिकाणी ही दुरुस्ती केली आणि त्याच संपादनात एका ठिकाणी ‘धम्म’ हा शब्द काढून ‘धर्म’ घातला. यंत्र एक्केचाळीस शब्द सारख्याच रंगात दाखवील. त्याच्या लेखी हे एक्केचाळीस सारखेच बदल. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाचा संपूर्ण चौथा खंड ज्या भेदाच्या विवेचनाला वाहिलेला आहे तो भेद यंत्राला दोन अक्षरांचा. चाळीस शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांच्या आड एक सिद्धांत बदलून जातो, आणि सारांशाच्या चौकटीत लिहिलेले असते, ‘शुद्धलेखन’. ठराविक स्वरूपाच्या दुरुस्त्या वेगळ्या, फिक्या रंगात दाखवून उरलेल्या ठळक कराव्यात, एवढे तरी यंत्राला शिकविणे अशक्य नाही; आणि जोडचिन्हाच्या भेदाला भेद मानू नये, हे त्याहूनही सोपे आहे. यासाठी मराठी जाणणारे तंत्रज्ञ लागतील. आपल्या समाजातील शेकडो तरुण आज याच व्यवसायात आहेत. विहारांच्या ग्रंथालयांत जुन्या नियतकालिकांचे संगणकीकरण करण्याचा विचार जेथे जेथे चालू असेल, तेथे या कामाची जोड त्याला द्यावी, असे आम्ही सुचवितो.

यंत्राची एक मर्यादा मात्र कोणत्याही रंगसंगतीने दूर होणारी नाही. ज्या दोन आवृत्त्या त्याच्यापुढे ठेवल्या त्यांचीच तुलना ते करू शकते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज गॉस्पेल’ या नावाने त्याच्या पूर्वरूपाच्या थोड्या प्रती खासगी वितरणासाठी छापल्या गेल्या होत्या. महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये तो आपल्या ग्रंथमालेचा अकरावा खंड म्हणून काढला. २०११ मध्ये आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांनी त्याची संदर्भांसह चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. यांतील कोणत्याही दोन आवृत्त्या विकीवर शेजारी ठेवल्या तर घातलेले व गाळलेले शब्द रंगून दिसतील. परंतु ६ एप्रिल १९५६ ही तारीख असलेली बाबासाहेबांची प्रस्तावना १९५७ च्या पुस्तकात नव्हती. ती भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांच्या संग्रहात १९८० मध्ये छापली. मधल्या २३ वर्षांत ज्याने १९५७ ची प्रत हाती घेतली त्याच्यापुढे ताडून पाहण्यास दुसरी प्रत नव्हती, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानाआधी काही होते हे त्याला त्या प्रतीवरून कळण्याचा मार्ग नव्हता.